एमजी टीडी शोधतोय: आचऱ्याच्या बाजूला एका मांगरात गाडी सापडली आहे, घेण्याआधी काय बघू?

खाडीकाठ, वेंगुर्ला

मला एमजी टीडी, म्हणजे १९५० च्या सुमाराची इंग्लिश दोन सीटांची उघडी स्पोर्ट्स कार, घ्यायची आहे. बराच काळ शोधतोय, आणि आता कुठे एक गाडी प्रत्यक्ष बघायला मिळाली. शब्द देण्याआधी इथल्या जाणत्यांना विचारावं म्हणून सविस्तर लिहितो.

वेंगुर्ला बंदराजवळ माझं वर्कशॉप आहे. होड्यांची डिझेल इंजिनं, आउटबोर्ड, गिअरबॉक्स हे माझं रोजचं काम. त्यामुळे इंजिनाचं मला दडपण नाही, आणि खारी हवा लोखंडाचं काय करते तेही रोज बघतो. पण टीडीची बॉडी म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेला पत्रा. लाकडात मला गती नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीचे कागद कसे वाचायचे, तेही ठाऊक नाही.

टीडीच हवी, यावर मी ठाम आहे. तिच्या आधीची टीसी देखणी आहे, ती १९ इंची तारेची चाकं बघून कोणाचाही जीव जडेल. पण तिला पुढे-मागे दोन्हीकडे सबंध अ‍ॅक्सल आणि कमानपाटे. टीडीची पुढची चाकं स्वतंत्र, कॉइल स्प्रिंगवर, शिवाय रॅक-पिनियन स्टीअरिंग. मला गाडी काचेच्या खोलीत ठेवायची नाही. तिच्यातून आंबोली चढायची आहे. पाऊस सरला की समोरची काच आडवी पाडून देवगड-विजयदुर्गापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आहे. टीडीनंतरची टीएफही चालली असती, पण ती बनलीच जेमतेम ९,६००. तिची आशा मी धरत नाही.

आता सापडलेल्या गाडीबद्दल. एका ट्रॉलरवाल्या गिऱ्हाइकाकडून कळलं की आचऱ्याच्या बाजूला एका घराच्या मांगरात, म्हणजे घराबाजूच्या गोठा-कोठारात, ‘जुनी उघडी मोटार’ आहे. जाऊन बघितली. वर निळी ताडपत्री, त्यावर माडाची झापं, खाली शेणाने सारवलेली जमीन. पुढे-मागे बंपर आहेत, चाकं पत्र्याची, भोकं पाडलेली. म्हणजे टीसी नव्हे, टीडीच. रंग हिरवा, पण दाराच्या कडेला खालचा लाल डोकावतो. नंबर ‘बीएम’ने सुरू होणारा, जुना मुंबईचा. डाव्या बाजूचं दार उघडलं की खाली बसतं. बॉनेट उघडलं तर कार्ब्युरेटर एकच! टीडीला ‘एसयू’ बनावटीचे दोन कार्ब्युरेटर असतात एवढं मला माहीत आहे. मागची पेट्रोलची टाकी हलवून बघितली, आत गंजाचे पापुद्रे खुळखुळतात. आरसी बुक आहे. घरातल्या आजींनी ट्रंकेतून काढून दाखवलं. नाव त्यांच्या दिरांचं, ते आता हयात नाहीत. विकायची तयारी दिसते, भावाचं बोलणं अजून झालेलं नाही.

लाकूड किती गेलंय हे बॉडी न उतरवता कळतं का? गेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी माझ्या नावावर कशी होईल? एकच कार्ब्युरेटर म्हणजे नेमकं काय झालं असेल? आणि हे नाहीच जमलं, तर कोकणात किंवा आजूबाजूला दुसरी शोधायची कुठे? पैशाची तयारी केली आहे, आकडा इथे लिहीत नाही.

जुनंइंजिन, रत्नागिरी

खाडीकाठ, तुमचं वर्णन वाचून समाधान वाटलं. लोक रंगाचे आणि डॅशबोर्डचे फोटो टाकतात. तुम्ही दार खाली बसतं ते बघितलंत.

मी मुंबईत परदेशी गाड्यांच्या एका गॅरेजात उमेदवारी केली आणि पुढे बरीच वर्षं तिथेच काढली. टीसी, टीडी, एमजीए हाताखालून गेल्या. आता रत्नागिरीत घरीच असतो, पण हात थांबलेले नाहीत.

ही गाडी इतकी दुर्मीळ का, ते आधी सांगतो, कारण त्यावरून तुमच्या शोधाची दिशा ठरेल. टीडी इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत बनली. एकूण २९,६६४. त्यातल्या बहुतेक डाव्या स्टीअरिंगच्या होऊन थेट अमेरिकेला गेल्या. उजव्या स्टीअरिंगच्या उरल्या त्या थोड्या, आणि त्यातल्या भारतात उतरल्या त्या अगदीच थोड्या. त्यात १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. जो इथे टप्प्याटप्प्याने सुटे भाग बनवेल त्यानेच गाड्या कराव्यात, असं धोरण ठरलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५४ मध्ये इथलं जुळणीचं काम गुंडाळलं. परदेशी गाड्यांची वाट त्यानंतर अरुंदच होत गेली. त्यामुळे तुमच्या आचऱ्याच्या गाडीसारखी गाडी म्हणजे त्या तीन-चार वर्षांत कोणी हौसेने आणलेली आणि पुढे घराण्याने जपलेली. तिच्याकडे त्याच नजरेने बघा.

पहिल्यांदा चासी नंबर. टीडीचा नंबर ‘टीडी’ या अक्षरांनी सुरू होतो आणि चासीच्या पुढच्या डाव्या टोकावर ठोकलेला असतो. एमजीचे नंबर १ पासून नव्हे, ०२५१ पासून सुरू होत, कारण अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. त्या जागी गंज, ग्रीस आणि रंगाचे थर असतील. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं दोन दिवस गुंडाळून ठेवा आणि मग पितळी ब्रशने हळूहळू उघडा. ग्राइंडर, सँडपेपर, छिन्नी यांतलं काहीही तिथे लावू नका. ठोकलेला आकडा एकदा घासला गेला की तो परत ठोकण्याचा अधिकार तुम्हाला नाही, आणि आरटीओत संशय कायमचा मागे लागतो. आकडा दिसला की वर कागद धरून पेन्सिलीने त्याचा छाप घ्या.

मग चासी. टीडीच्या दोन्ही बाजूच्या पट्ट्या बंद पेटीसारख्या आहेत. आत माती आणि दमट हवा साठते आणि गंज आतून बाहेर येतो. वरून रंग धड दिसतो. छोट्या हातोडीने टोकापासून टोकापर्यंत वाजवत जा. खणखणीत आवाज जिथे बसका होईल तिथे खडूने खूण करा. मागच्या अ‍ॅक्सलवरून चासी जिथे कमानीसारखी वर जाते, तिथे जास्त वेळ द्या. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर मी अशा गाड्या बघितल्या आहेत की वरून धुऊन-पुसून लख्ख आणि चासीच्या पेटीत गाळ गच्च. तुमची गाडी त्या पाण्यातली नाही, पण पुढे दुसरी बघायची वेळ आली आणि ती वाशिष्ठीच्या आसपासची निघाली, तर हे आठवा.

आता तुमचा एक कार्ब्युरेटर. माझा अंदाज, आत अ‍ॅम्बेसिडरचं इंजिन आहे. टीडीचं मूळ इंजिन एक्सपॅग, १२५० सीसी, ५४ अश्वशक्तीचं. त्याच्या नंबराची अष्टकोनी पितळी पट्टी असते आणि नंबर ‘एक्सपीएजी’ने सुरू होतो. पट्टी नसेल आणि कार्ब्युरेटर एकच असेल, तर बहुतेक ते १४८९ सीसीचं, बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या घराण्यातलं इंजिन. आपल्याकडे हे सर्रास झालं. सुटे भाग येत नव्हते, बेअरिंग मिळत नव्हती, आणि अ‍ॅम्बेसिडरचं इंजिन प्रत्येक तालुक्यात दुरुस्त होत होतं. ज्यांनी हा बदल केला त्यांना नावं ठेवू नका. त्यांनी गाडी चालती ठेवली, म्हणून ती भंगारात गेली नाही आणि आज तुम्हाला दिसते आहे.

मूळ इंजिन पुढे मिळालं तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. एक्सपॅगच्या बोल्टचे आटे मेट्रिक आणि वरचं डोकं व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाचं. पाना लागतो इंग्रजी, नट लागतो मेट्रिक पिचचा, तोही आजच्या बाजारातला नव्हे. नवखा मेकॅनिक जवळपासच्या मापाचा बोल्ट जबरदस्तीने फिरवतो आणि ब्लॉकचे आटे घालवतो. जुना एकही बोल्ट फेकू नका. गाडीची वायरिंगही पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. तुमच्या होड्यांच्या सवयीने निगेटिव्ह बॉडीला लावलंत तर डायनामोचं नुकसान होईल.

लाकडाचं एवढंच सांगतो: दारं मागच्या बाजूला बिजागरीवर आहेत, आणि बिजागरीचा खांब लाकडी. दार अर्धं उघडा, पुढच्या टोकाला धरून वर उचला. बिजागरीची पिन झिजली असेल तर हालचाल पिनेशीच दिसेल. खांबच पत्र्याच्या आत हलत असेल तर लाकूड गेलेलं. यापुढचं सुतारानेच सांगावं.

दुसरी शोधायची झाली तर जाहिराती बघत बसू नका. उघड्या गाडीला दर काही वर्षांनी हूड शिवावं लागतं. म्हणून जुन्या कुशनवाल्यांकडे जा. रेडिएटर झाळणारे, जुने बॅटरीवाले, हायवे रुंद होण्याआधी ज्यांची गॅरेजं मुंबई-गोवा रस्त्याला लागून होती ते म्हातारे मिस्त्री, यांना कुठल्या घरात काय उभं आहे ते ठाऊक असतं. मालकाच्या मुलांना नसतं. दुसरी दिशा गोवा. १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीज राजवट होती आणि परदेशी गाड्या आपल्यापेक्षा सहज येत. मडगाव, म्हापशाकडच्या जुन्या घरांत आजही काही ‘जीडीए’ या जुन्या गोव्याच्या नंबरच्या गाड्या उभ्या आहेत. तुम्हाला वेंगुर्ल्याहून ते जवळच.

मांडवी, रत्नागिरी

एक वेगळा पर्याय सुचवू का? सॅन स्टॉर्म. बंगळूरच्या सॅन मोटर्सची दोन सीटांची उघडी गाडी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली. रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन आणि बॉडी फायबरची. खाऱ्या हवेत राहणाऱ्या माणसाने गंजणारा पत्रा आणि कुजणारं लाकूड का घ्यावं? शिवाय तीही फार थोडी बनली, म्हणजे दुर्मीळ ती आहेच. आपल्या देशात तयार झालेली स्पोर्ट्स कार म्हणून मला तिचं फार कौतुक आहे. ती कोणीतरी जपायला हवी.

खाडीकाठ, वेंगुर्ला

मांडवी, सूचना मनापासून पटते, आणि स्टॉर्म एखाद्या तरुण मुलाने घ्यावी असं मलाही वाटतं. पण मला जुन्या पद्धतीचं काम हाताने करायचं आहे. दोन एसयू एकमेकांशी जुळवायचे, पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी रचना) नाही म्हणून तो थांबूनच टाकायचा, हे सगळं हवं आहे.

जुनंइंजिन काका, तुमचा प्रतिसाद छापून वर्कशॉपच्या भिंतीवर लावला आहे. चासी नंबर तुम्ही सांगितलेल्या पद्धतीनेच उघडतो.

सागवान, सावंतवाडी

झिला, मी गाडयेतलो नाय, लाकडातलो आसय. पण तुझा वाचून ऱ्हवाक नाय. सगळ्यांक समजाक व्हया म्हणान पुढे साध्या मराठीत लिहितो.

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम. एका गाडीचा असाच सांगाडा मी नव्याने केला आहे. ती एमजी नव्हती, पण त्याच काळातली, त्याच पद्धतीची. इंग्रज लोक यासाठी अ‍ॅश नावाचं लाकूड वापरत. चिवट, लवचीक, धक्का सोसणारं. हत्यारांचे दांडे त्याचे करत. रस्त्याच्या हादऱ्याने ते तुटत नाही, थोडं वाकतं आणि परत येतं. म्हणून ते निवडलं, आणि बरोबर निवडलं. पण त्या लाकडात स्वतःचं तेल नाही. ओल लागली की कुजतं, आणि वाळवीला ते फार आवडतं. इंग्लंडच्या थंडीत ते टिकलं. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस, खाली सारवलेली जमीन आणि वर ताडपत्री, यात त्याचं काय होणार ते मला न बघता माहीत आहे.

ताडपत्री आजच काढा. जमिनीतली वाफ वर जाते, प्लास्टिकला थटते आणि थेंब होऊन गाडीवरच पडते. मांगराचं कौलारू छप्पर धड असेल तर वर सुती चादर पुरे.

बॉडी न उतरवता लाकूड बघायची रीत अशी. आतली जमीन प्लायवुडची आहे, स्क्रूने बसवलेली. ती उचला. खाली चासीवर टेकलेल्या दोन लांब लाकडी पट्ट्या दिसतील, एक डावीकडे, एक उजवीकडे. सगळा भार त्यांच्यावर. बारीक स्क्रू-ड्रायव्हर हलक्या हाताने टोचत जा. तो जिथे आपोआप आत जाईल ते लाकूड मेलं. मग दाराचं आतलं अस्तर काढा आणि खांबाचं बूड बघा. पाणी नेहमी बुडाशी साठतं. लाकूड वरून चांगलं आणि खाली पीठ झालेलं, असं बहुतेक वेळा सापडतं. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी चालू आहे. मग गाडी हलवण्याआधी मांगराचाही इलाज करा, नाहीतर ती तुमच्या घरी येईल.

नवीन लाकूड कुठलं घालावं, यावर जुन्या गाड्यांची माणसं भांडतात. ज्यांना मूळ तेच हवं ते बाहेरून अ‍ॅश मागवतात. मला विचाराल तर आपल्या हवेत मुरलेलं सागवान. पाडलेल्या जुन्या घराचे वासे मिळाले तर उत्तम, त्याला जे वाकायचं-तडकायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं. सागाला अंगचं तेल असल्याने गोंद नीट धरत नाही. सांधा चिकटवण्याआधी थिनरने पुसून लगेच जोडावा लागतो. स्क्रू पितळी. लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत गंजून लाकडालाच आतून फोडतो. मोठ्या गोलाईच्या कमानीला मात्र सागवान तितकं वळत नाही. तिथे पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून आकार घ्यावा लागतो. ते वेळखाऊ काम आहे, पण फार सुंदर होतं.

आणि एक कळकळीने सांगतो. कुजलं म्हणून जुनं लाकूड काढून जाळू नका. कितीही पीठ झालेलं असलं तरी त्याच्यावरूनच साचा निघतो. दोन्ही बाजू एकदम उघडायच्या नाहीत. एक बाजू करायची, दुसरी मापासाठी तशीच ठेवायची. दार बंद होताना फट सगळीकडे सारखी आली तरच सांगाडा जमला. ती फट पत्रा ठोकून आणता येत नाही, लाकडातच आणावी लागते.

लाकूड गेलं म्हणून गाडी सोडू नकोस. लाकूड करूक येता.

नोंदणीपुस्तक, अलिबाग

मी अलिबागला वकिली करते. वडिलांची जुनी गाडी वारसाने माझ्या नावावर करून घेतली आहे, त्यामुळे हा रस्ता पायाखालचा आहे. लाकूड करता येतं, इंजिन बांधता येतं. कागद नसतील तर ते कोणी सुतार करून देणार नाही. म्हणून भावाचं बोलणं करण्याआधी माझं वाचा.

आरसी बुक ज्यांच्या नावावर आहे ते वारले आहेत. आजी त्यांच्या भावजय. म्हणजे आजींनी सही करून पैसे घेतले तरी ती विक्री होत नाही. आधी गाडी त्या गृहस्थांच्या वारसांपैकी एकाच्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा, आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रावर. त्यानंतर तो वारस तुम्हाला विकेल, त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. ही दोन पावलं एकात उरकून देतो म्हणणारा एजंट भेटला तर त्याच्याकडे जाऊ नका. मागची तारीख घालून केलेल्या सह्या हे जुन्या गाड्यांच्या बाजारातलं मोठं दुखणं आहे, आणि ते बाहेर येतं तेव्हा गाडी तुमच्या दारात असते.

तुम्ही आणि मी दोघंही कोकणातले. घर सामायिक, मांगर सामायिक, आणि वारस मुंबई, ठाणे, पुणे असे पसरलेले. एकेकाच्या मागे फिरून सह्या मिळत नाहीत. गणपतीत सगळे घरी येतात. त्या दिवसांत बोला, आणि पहिल्या दिवशी नको, गौरी जेवल्यावर. सगळ्यांसमोर एकदाच बोलणं होऊ दे, रक्कम कोणाच्या खात्यात किती जाणार ते तिथेच लिहून होऊ दे. नंतर ‘मला विचारलं नाही’ असं म्हणणारा कोणी राहत नाही.

मग नोंदणीचं मूळ. नंबर मुंबईचा. गाडी मालवण तालुक्यात केव्हा आली ते शोधा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधी पत्ता बदलला असेल तर ती नोंद रत्नागिरीत असू शकते. आरसी बुकातलं प्रत्येक पान, प्रत्येक शिक्का यांचे फोटो काढा. इतकी जुनी नोंद संगणकावर बहुधा नसते, तेव्हा मूळ कार्यालयाच्या रजिस्टरवरून ती चढवून घ्यावी लागते. बॅकलॉग एन्ट्री म्हणतात तिला. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

व्हिंटेजचा नियमही समजून घ्या. २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात जपलेली, मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, पण आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तो ‘बीएम’ नंबर कोणाच्याही सल्ल्याने सोडू नका. मात्र अशा गाडीला रोजच्या वापराची मुभा नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. तुम्हाला देवगड-विजयदुर्ग मनाला येईल तेव्हा जायचं आहे, तर व्हिंटेज करायची की साधी नोंदणी चालू ठेवायची, हे आधी ठरवा.

इंजिनाबद्दल: आरसीत कोणता इंजिन नंबर आहे आणि गाडीत कोणता आहे, हे जुळतं का ते बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

खाडीकाठ, वेंगुर्ला

सगळ्यांचे मनापासून आभार. पुन्हा जाऊन आलो, सागवानकाकांना सोबत घेऊन. त्यांनी सावंतवाडीहून यायची तयारी दाखवली, हे मी विसरणार नाही.

चासी नंबर उघडला. अक्षरं आणि आकडे स्वच्छ आहेत, आरसी बुकाशी तंतोतंत जुळतात. छाप घेतला, फोटो काढले, त्या जागेवर ग्रीस लावून ठेवलं. चासी वाजवली. उजवीकडे मागच्या कमानीच्या सुरुवातीला हातभर जागा बसकी वाजते, बाकी आवाज चांगला. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा झाळता येईल. ते काम मी स्वतः करेन.

लाकूड सागवानकाकांनी सांगितलं होतं तसंच. डावी लांब पट्टी जवळजवळ संपली आहे, त्या बाजूचा दाराचा खांब बुडाशी मऊ. उजवी बाजू बरीच धड आहे. काका म्हणाले, हे नशीब, मापाला एक बाजू मिळाली. वाळवीच्या नळ्या मांगराच्या भिंतीवर आहेत, गाडीत जुन्या आहेत, ओल्या नाहीत. ताडपत्री काढली, चाकांखाली चिरे ठेवून गाडी जमिनीपासून वर घेतली. आजींनी स्वतःचं जुनं लुगडं दिलं पांघरायला.

जुनंइंजिन काकांचा अंदाज खरा ठरला. आत अ‍ॅम्बेसिडरचंच इंजिन आहे. पण नोंदणीपुस्तक ताईंनी सांगितलं म्हणून आरसीचं प्रत्येक पान वाचलं, तर इंजिन बदलल्याची रीतसर नोंद शिक्क्यासह आहे, आणि आताचा नंबर तिच्याशी जुळतो. मला याचा किती आनंद झाला ते सांगता येत नाही. ज्यांनी ही नोंद करून घेतली ते गृहस्थ काळजीने वागणारे असणार.

वारस तीन. एक इथेच, दोन मुंबईत. फोनवर दोघांशी बोलणं झालं, दोघेही चांगले बोलले. त्यांची एकच अट: गाडी भंगारवाल्याला किंवा सिनेमाला भाड्याने देणाऱ्याला जाता कामा नये. ती मी लिहून देतो म्हटलं. गणपतीला सगळे येत आहेत, तेव्हा बसून ठरेल. मी व्हिंटेजकडे आत्ता जात नाही, साधी नोंदणी चालू करून घ्यायचा प्रयत्न करतो.

जुनंइंजिन, रत्नागिरी

उत्तम. घ्या. चासी आणि कागद जुळलेली उजव्या स्टीअरिंगची टीडी कोकणात परत समोर येईल असं मला वाटत नाही.

कामाचा क्रम मात्र सांभाळा. आधी ब्रेक. ते हायड्रॉलिक आहेत, चाकांचे सगळे सिलिंडर चिकटलेले असणार. ओढून बाहेर काढण्याआधी चाकं मोकळी करा, नाहीतर अ‍ॅक्सलवर ताण येतो. मग चासीचा तुकडा, मग लाकूड, मग पत्रा. इंजिन सगळ्यांत शेवटी. तुम्ही इंजिनवाले आहात, हात पहिल्यांदा तिकडेच जाईल. जाऊ देऊ नका. अ‍ॅम्बेसिडरचं इंजिन असू द्या, त्यावर गाडी चालवा, सवय करा, आणि तोवर एक्सपॅग शोधत राहा.

टाकी झाळून आतून साफ करून घ्या. आणि आता पंपावर मिळतं त्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खराब होतो, तेव्हा हे भाग इथेनॉल सोसणारे घाला. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. जूनच्या आधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.

टीडीचे बहुतेक सुटे भाग आजही इंग्लंड-अमेरिकेत नव्याने बनतात. एमजी कार क्लब १९३० पासून आहे, त्याच्या टी-रजिस्टरमधली माणसं परदेशातून आलेल्या प्रश्नालाही आस्थेने उत्तर देतात. चासी नंबर देऊन त्यांना कळवा.

खाडीकाठ, वेंगुर्ला

कळवतो काका. ब्रेकसाठी गाडी हलवण्याआधी तुम्हाला फोन करेन.

शेवटची एक विनंती सगळ्यांना, विशेषतः गोव्याकडच्या वाचकांना. आजी सांगतात की मूळ इंजिन दुरुस्तीला मडगावला पाठवलं होतं आणि ते तिथेच राहिलं. वर्ष त्यांना आठवत नाही. कुठल्या जुन्या गॅरेजात, माळ्यावर, पंपाला जोडलेलं, अष्टकोनी पितळी पट्टीचं एक्सपॅग इंजिन कोणाला दिसलं, अगदी ब्लॉक तडकलेला असला तरी, मला निरोप पाठवा. मूळ इंजिन नंबर आरसीच्या पहिल्या पानावर आहे, विचाराल त्याला मी तो कळवेन.